फितूर पेशी

प्रमिला वाळवणापाशी येऊन उभी राहिली तेव्हा सुगंधा खारवलेले बांगडे उलटत होती. तिने वर पाहिलं, ओळखलं, आणि मान खाली घालून पुढचा बांगडा उलटला. सख्ख्या भावाची बायको अकरा वर्षांनी दारात आली आहे, तर निदान 'ये' म्हणावं, असं तिला वाटलं नाही. प्रमिलाही तशी आशा धरून आलेली नव्हती. उन्हात उभ्या उभ्याच तिने सांगायचं ते सांगितलं. हरेशला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला होता. आधी उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं, मग पायांना मुंग्या, मग डावा पाय ओढत चालणं, आणि आता दोन वर्षांनी वॉकरशिवाय त्याला मोरीपर्यंतही जाता येत नव्हतं. होती नव्हती ती औषधं करून झाली होती. रत्नागिरीला एक नवा उपचार सुरू झाला होता, पण त्याला सख्ख्या भावंडाच्या रक्तातल्या पेशी लागत होत्या, आणि हरेशला भावंड एकच होतं.

"वाचा शाबूत आहे ना त्याची?" सुगंधाने विचारलं.

"आहे."

"मग त्याला येऊन मागू दे."

प्रमिला आली तशी गेली. सुगंधाने उरलेले बांगडे उलटले, टोपल्या धुतल्या, हातपाय धुतले आणि घरात जाऊन भिंतीला पाठ लावून बसली. संध्याकाळी चूल पेटवायची तिला आठवणच झाली नाही.

अकरा वर्षांपूर्वी, मासेमारीची बंदी उठून चार दिवस झाले होते तेव्हा, हरेश पावसेची 'सागरलक्ष्मी' लाँच आडबंदरातून बाहेर पडली ती परत आली नाही. लाँचवर चार खलाशी होते आणि लाँच चालवणारा प्रमुख, म्हणजे तांडेल. तो तांडेल सुगंधाचा नवरा, मोरेश्वर चोगले. निघताना चहा पिता पिता तो तिला म्हणाला होता की बोटीत शिरलेलं पाणी उपसायचा पंप बंद आहे, हरेशला दोनदा सांगून झालं, तो म्हणतो एवढी फेरी मारून ये मग बघू. त्या दुपारी वारा उठला. लाँचमध्ये पाणी शिरलं असणार आणि ते उपसायला काही नसणार. तीन प्रेतं किनाऱ्याला लागली, एक खलाशी आणि मोरेश्वर सापडलेच नाहीत.

चौकशीत हरेशने शपथेवर सांगितलं की तांडेल सकाळीच प्यायलेला होता आणि मी नको म्हणत असताना त्याने लाँच काढली. ज्या रक्तात दारू शोधायची ते रक्त समुद्राच्या तळाशी होतं. सुगंधाने पंपाचं सांगितलं, ते लिहूनही घेतलं गेलं, पण बायको नवऱ्याच्या बाजूनेच बोलणार, असं सगळ्यांनी धरलं. आणि भाऊ? सख्खा भाऊ बहिणीच्या नवऱ्याबद्दल खोटं कशाला बोलेल? बुडालेल्या चारही खलाशांच्या घरांनी हाच हिशेब केला. त्यांच्यातली द्वारका तर सुगंधाच्या अंगणाशी येऊन थुंकून गेली. तुझ्या बेवड्याने आमची माणसं बुडवली, म्हणाली. त्या वर्षापासून आडबंदरच्या बायकांनी आपली वाळवणं सुगंधाच्या वाळवणापासून लांब नेली. ती बंदराच्या टोकाला एकटीच मासळी सुकवत राहिली. मूलबाळ नव्हतं. माहेर होतं ते त्याच गावात, हाकेच्या अंतरावर, आणि तिथे ती मेली तरी जाणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी हरेश रिक्षातून आला. रिक्षावाल्याने त्याला काखेत हात घालून उतरवलं. सुगंधाला वाटलं होतं की त्याला असं पाहून आपल्याला बरं वाटेल. तसं काहीच झालं नाही. त्याचा चेहरा सुजट झाला होता आणि उजवा डोळा कुठेतरी भलतीकडेच बघत होता, पण बोलण्यातला मालकपणा तसाच होता. आईबापाची आठवण काढून त्याने सुरुवात केली. तिने त्याला मध्येच थांबवलं.

"मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये, सगळ्या गावासमोर," ती म्हणाली. "मोरेश्वर प्यायलेला नव्हता. पंप बंद होता आणि ते मला माहीत होतं. एवढी दोन वाक्यं. तोंडी बोलायची आणि लिहून सही करायची. कबूल असेल तर मी रत्नागिरीला येते."

हरेशने वॉकरच्या दांडीवर हात ठेवला. मग म्हणाला, "मला उभा तरी राहू दे, सुगे. उभा राहून सांगेन."

तिने शब्द दिला. त्यानेही दिला.

रत्नागिरीच्या त्या दवाखान्यात डॉ. सबीना मुकादम हा उपचार बघत होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना समोरच्याला कळतंय की नाही हे डोळ्यांत बघून ठरवणाऱ्या. भावंडांच्या पेशी जुळण्याची शक्यता चारांत एक असते, आणि या दोघांच्या तंतोतंत जुळल्या. सुगंधाला त्याचा आनंद झाला नाही, उलट आपल्या अंगात त्याच्यासारखं इतकं काही असावं याची तिला शिसारी आली. माझ्या अंगातून काय काढणार ते मला नीट समजावून सांगा, असं तिने डॉक्टरांना बजावलं, आणि डॉक्टरांनी खुर्ची ओढून तिला समजावलं.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींत एक जात मदतनीस पेशींची असते. ती स्वतः कुणाला मारत नाही. ती हुकूम देते, आणि बाकीच्या पेशी त्या हुकमावर लढतात. जन्मते तेव्हा ही पेशी कोरी असते. मग भोवती जी रसायनं भेटतील त्यांवर तिचं पुढचं काम ठरतं. एक प्रकार विषाणूंविरुद्ध फौज उठवतो, दुसरा जंतांविरुद्ध. एका प्रकाराला सतरा नंबर मिळाला आहे, तो कातडीवर आणि आतड्यात बुरशी आणि जिवाणू यांच्याशी लढाई लावून देतो. आणि एक प्रकार असतो शांत करणारा. लढाई पुरे, आता मागे फिरा, हे सांगणं त्याचं काम. हरेशच्या अंगात सतरा नंबरच्या पेशींनी भलताच हुकूम सोडला होता. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवर वायरसारखं वेष्टण असतं, त्यालाच त्या शत्रू समजत होत्या आणि फौज ते वेष्टण कुरतडत होती.

"पूर्वी आम्हाला वाटायचं, पेशीने एकदा धंदा निवडला की मरेपर्यंत तोच," डॉक्टर म्हणाल्या. "तसं नसतं. भोवतालची रसायनं बदलली की ती धंदाही बदलते. शांत करणारी पेशीसुद्धा उलटून भांडण लावणारी होऊ शकते."

सुगंधाला हे अवघड वाटलं नाही. दर्या बंद असला की आमचे खलाशी आंब्याच्या बागेत राखणीला जातात, ती म्हणाली. माणूस तोच असतो. डॉक्टरांना ते आवडलं.

उपचार याच लवचीकपणावर उभा होता. हरेशच्याच पेशी काढून शिकवल्या असत्या, पण त्यांना वाईट सवय लागली होती, शरीरात परत सोडल्या की महिनाभरात त्या जुन्या वळणावर जात. म्हणून निरोगी भावंडाच्या कोऱ्या पेशी घ्यायच्या, बारा दिवस यंत्रात ठेवून त्यांना नसांचं वेष्टण ओळखायला आणि तिथे शांतता राखायला शिकवायचं, आणि मग रोग्याला द्यायच्या. तिथले तंत्रज्ञ त्या यंत्राला शाळा म्हणत. चार-पाच महिन्यांत त्या पेशी संपत, मग पुन्हा नव्या.

अडचण एकच होती. पेशी यंत्रात येण्याआधी दात्याच्या अंगात जे भोगतात ते विसरत नाहीत. दात्याला ताप येऊन गेला असेल, जखम चिघळली असेल, तर पेशी आधीच डळमळीत होतात. आणि मीठ. जास्त मिठाने त्यांच्यातली एक कळ दाबली जाते आणि त्यांचा कल सतरा नंबरकडे झुकतो. अशी पेशी शाळेत शहाण्यासारखी वागेल, पण रोग्याच्या पेटलेल्या अंगात गेल्यावर आठवड्याभरात फितूर होईल आणि कुरतडणाऱ्यांनाच जाऊन मिळेल. म्हणून पेशी देण्याआधी सहा आठवडे खारवलेलं, लोणची, पापड सगळं बंद. शक्यतो चिडचिडही नको, दाह वाढवणारी रसायनं तिनेही चढतात.

सुगंधा सुक्या मासळीवर जगणारी बाई. खाऱ्या बांगड्याच्या तुकड्याशिवाय तिच्या पेजेला चव नव्हती. पण तिने सहा आठवडे ते पाळलं. अळणी भात, अळणी आमटी, ताजी मासळी नुसती हळद लावून. घरभर सुकटीचा वास आणि तोंडात मात्र काही नाही. ठरल्या दिवशी ती चार तास खुर्चीत बसली, एका हातातून रक्त यंत्रात गेलं, दुसऱ्या हातातून परत आलं. बारा दिवसांनी पेशींची परीक्षा झाली. पेशी किती ठाम आहेत याला तिथे स्थैर्यांक म्हणत, ऐंशीच्या वर असेल तरच पिशवी रोग्याला लावायची. सुगंधाच्या पेशी शहाण्णव आल्या.

हरेश सुधारला. पाचव्या आठवड्यात डोळ्यापुढचं धुकं हटलं. आठव्या आठवड्यात त्याने वॉकर टाकून काठी घेतली. नवव्या आठवड्यात तो काठी टेकत बंदरावर आला, लोकांनी त्याला पेढे दिले, कुणीतरी फटाके लावले. सुगंधाने ते आपल्या वाळवणावरून ऐकलं. ती वाट बघत राहिली. दहावा आठवडा गेला, बारावा गेला. सोसायटीची सभा झाली, तिच्यात हरेश डिझेलच्या कोट्यावर अर्धा तास बोलला. पुढच्या पिशवीसाठीचं पथ्य सुरू करायची वेळ आली तेव्हा ती त्याच्या घरी गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती त्या ओटीवर चढली.

हरेश झोपाळ्यावर बसला होता. तिने काही विचारायच्या आधीच तो बोलू लागला. मुलाचं लग्न ठरत होतं, सोयरीक मोठ्या घरची होती, अशात जुनं उकरायला नको. चार घरांची दुःखं आता कुठे शमली होती. आणि गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? प्रमिला दारात उभी होती. ती आत निघून गेली.

"तू शब्द दिला होतास," सुगंधा म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

हरेशने झोपाळा थांबवला. "चिडू नकोस, सुगे. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? तू चिडलीस की पेशी बिघडतात."

तो हे काळजीने बोलला, आणि तेच तिला सहन झालं नाही. तिचा राग, एकटीने अकरा वर्षं सांभाळलेला, तोही त्याला आपल्या पथ्यपाण्यातली एक बाब वाटत होती. ती ओटीवरून उतरली. घरी येऊन तिने फडताळातली बरणी काढली, खाऱ्या बांगड्याचा मोठा तुकडा निखाऱ्यावर भाजला आणि पेजेबरोबर खाल्ला. मग दुसरा खाल्ला.

भुकेने खाल्ला असं तिने स्वतःलाही सांगितलं नाही. पुढचे सहा आठवडे तिने नेमाने खाल्लं. सकाळी खारा बांगडा, दुपारी सुकटीची चटणी, रात्री लोणच्याच्या खाराशी भात. जीभ फुटली. रात्रभर तहान लागे. दवाखान्यातून दर आठवड्याला फोन यायचा, पथ्य नीट चाललंय ना, आणि ती हो म्हणायची. नेमलेल्या दिवशी ती रत्नागिरीला गेली, चार तास खुर्चीत बसली आणि घरी आली. या वेळी पेशी नापास होतील, पिशवी फेकून देतील, आणि मग हरेशला तिच्या दारात यावं लागेल, असं तिने मनाशी धरलं होतं. निदान तसं धरलं आहे असं ती समजत होती.

बाराव्या दिवशी दात्यालाही बोलावत. सुगंधा पोचली तेव्हा हरेश काचेपलीकडे पलंगावर आडवा होता, बाही वर केलेली, दंडात सुई टोचून तयार. तो नर्सला काहीतरी गमतीचं सांगत होता आणि नर्स हसत होती. स्टँडवर पिशवी लटकवलेली होती. म्हणजे पेशी पास झाल्या होत्या.

डॉ. मुकादम हातात कागद घेऊन बाहेर आल्या. पेशी ब्याऐंशी आल्या होत्या. नियमात बसत होत्या, पण गेल्या वेळी शहाण्णव होत्या, आणि डॉक्टरांना तो फरक खुपत होता. त्यांनी चष्मा काढून सरळ विचारलं, "सुगंधाताई, खाण्यात काही बदल झाला होता का? ताप? काहीही?"

नाही म्हटलं की झालं होतं. यंत्राने पास केलं होतं, कागद होता, सही होती. नळी उघडली असती आणि थेंब थेंब त्या पेशी हरेशच्या अंगात उतरल्या असत्या. आठवड्याभरात उलटल्या असत्या. पाय गेले असते, डोळे गेले असते, कण्याच्या वरच्या भागात कुरतडायला लागल्या असत्या तर श्वासही. आणि सगळे म्हणाले असते, रोगच वाईट, बिचाऱ्या बहिणीने दोनदा रक्त दिलं. सुगंधाने हे सगळं त्या काचेपुढे उभं राहून पाहिलं. आपल्याला हे नको आहे असं तिला वाटलं नाही. उलट, फार हवं आहे असं वाटलं. पण डॉक्टर तिच्याकडे बघत होत्या आणि त्यांनी प्रश्न विचारला होता. एका माणसाला असाच प्रश्न विचारला गेला होता, शपथेवर, आणि त्याचं उत्तर ती अकरा वर्षं भोगत होती.

"सहा आठवडे मी खारं खाल्लं," ती म्हणाली. "तिन्ही त्रिकाळ. मुद्दाम."

डॉक्टर आत धावल्या. पिशवी काढली गेली. हरेशला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्याने दंडातली सुई स्वतःच उपटून काढली. मला मारायला निघाली होतीस, असं तो काचेपलीकडून ओरडत राहिला. सुगंधा दारापर्यंत गेली.

"हो," ती म्हणाली. "पण विचारल्यावर खरं सांगितलं."

डॉ. मुकादम तिच्यावर हरेशपेक्षाही जास्त संतापल्या होत्या. तिला आपल्या खोलीत बसवून त्यांनी दार लावलं. तुम्ही माझ्या हाताने हे करणार होतात, त्या म्हणाल्या. तुमच्या भावाशी तुमचं काय असेल ते असो, माझा हात त्यात का घातलात? त्या सहा आठवड्यांत डॉक्टरांच्या हाताचा विचार सुगंधाने एकदाही केला नव्हता, आणि त्याची तिला लाज वाटली. दवाखान्याच्या समितीपुढे प्रकरण जाईल, दाता म्हणून तिचं नाव कटेल, हे डॉक्टरांनी सांगितलं. ती उठली तेव्हा त्यांनी विचारलं, मशीनने पास केलं होतं, मला कधीच कळलं नसतं, मग का सांगितलंत?

"तुम्ही विचारलंत म्हणून."

हरेशची दुसरी पिशवी गेली आणि पहिलीतल्या पेशी विझत आल्या. तिसऱ्या आठवड्यात त्याचा डावा पाय पुन्हा लुळा पडला. पाचव्यात उजवा. मग तो व्हीलचेअरवर बसून पोलीस चौकीत गेला आणि बहिणीने जिवे मारायचा प्रयत्न केला अशी तक्रार लिहा म्हणाला.

उपनिरीक्षक आंब्रे नवीन होते, आडबंदरात येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्यांनी सुगंधाला बोलावून घेतलं. प्रमिला नवऱ्याची खुर्ची ढकलत आली होती. हत्याराच्या रकान्यात काय लिहायचं हे आंब्र्यांना कळेना. खारे बांगडे, हरेश म्हणाला. खाल्ले कुणी? तिने. मग तुम्हाला काय झालं? हरेशने पेशींची सगळी गोष्ट सांगितली. आंब्र्यांनी शांतपणे ऐकली, आणि मग सरळ पोलिसी प्रश्न विचारला. सख्खी बहीण, एकदा स्वतःच्या अंगातल्या पेशी दिल्या, तुम्ही बरे झालात. मग दुसऱ्या वेळी ती तुम्हाला का मारेल?

"जुना राग," हरेश म्हणाला.

"कशाचा?"

हरेशने खिशातला रुमाल काढला. आंब्रे सुगंधाकडे वळले. ती म्हणाली की मी एकदा सांगून झालं आहे, अकरा वर्षांपूर्वी, कागदावर आहे. यांनाच विचारा. हरेश घाम पुसू लागला. ही बाई वेडी आहे, असं काहीतरी पुटपुटला.

तेव्हा खुर्चीमागून प्रमिला बोलली. "पंप बंद होता, साहेब. लाँचवरचा. निघायच्या आदल्या दिवशी मेकॅनिक आमच्या ओटीवर बसून सांगून गेला, नवीन आणल्याशिवाय बोट काढू नका म्हणून. चहा मीच दिला होता त्याला. तांडेल दारू पीत नव्हता."

हरेशने मागे वळायचा प्रयत्न केला, पण पाय जागचे हलत नसल्याने त्याला खुर्चीत पुरतं वळता आलं नाही. तो पुढे बघतच म्हणाला, गप्प बस. प्रमिलाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती सुगंधाकडे बघून बोलत होती, आणि तिच्या बोलण्यात पश्चात्तापाचा सूर नव्हता, घाई होती. हिला आत टाकलंत तर याला पेशी कोण देणार, ती म्हणाली. दुसरं भावंड नाही. हिची अट हीच होती. आता झाली ना पुरी? झाली का नाही, सांग.

सुगंधा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ही बाई अकरा वर्षं हे सगळं पोटात घेऊन त्याच गावात, त्याच बाजारात, तिच्या समोरून गेली होती. आणि आज बोलली तीही नवऱ्याचे पाय परत मिळावेत म्हणून.

आंब्र्यांनी तक्रार बाजूला ठेवली आणि प्रमिलाचा जबाब लिहून घेतला. मेकॅनिक म्हातारा झाला होता, पण हयात होता, त्यानेही सांगितलं. जुनी चौकशी पुन्हा उघडली, खोट्या साक्षीचा खटला हरेशवर उभा राहिला, आणि वकिलाने सांगितलं की स्वतःहून कबूल केलंत तर शिक्षा हलकी होईल. मग एका रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये, व्हीलचेअरवर बसून, हरेश पावसेने ती दोन वाक्यं वाचून दाखवली.

हॉल रिकामा होत असताना द्वारका सुगंधापाशी आली. तिचं तोंड रडून सुजलं होतं. मोठ्याने का नाही सांगितलंस तेव्हा, असं तिने विचारलं, जणू चूक अजूनही सुगंधाचीच होती.

"सांगितलं होतं," सुगंधा म्हणाली. "तुझ्याच दारात उभं राहून. तू कडी घातलीस." आणि ती पुढे निघाली. द्वारकेला जवळ घ्यावं एवढी माया तिच्यात उरलेली नव्हती, आणि ती आहे असं दाखवायची तिला गरजही वाटली नाही.

खटल्याच्या तारखा पडत होत्या. हरेशचा उजवा हातही जड झाला. दवाखान्याच्या समितीने बरीच चर्चा करून ठरवलं की दात्री स्वखुशीने आली आणि सहा आठवडे दवाखान्यातच राहून तिथलंच जेवली, तर एक संधी देता येईल. डॉ. मुकादमांनी फोनवर एवढंच कळवलं, आणि या म्हणून सांगणार नाही, हेही स्पष्ट केलं. सुगंधाने वाळवणावरचं आवरलं, घराला कुलूप लावलं आणि रत्नागिरीला जाऊन राहिली.

डॉक्टर सुरुवातीला तिच्याशी कामापुरतंच बोलत. चौथ्या आठवड्यात मात्र तिच्या रक्ताचा अहवाल घेऊन स्वतः खोलीत आल्या. सतरा नंबरकडे झुकलेला कल ओसरत होता, नव्या पेशी सरळ येत होत्या. म्हणजे उलटलेलंही पुन्हा सुलटतं, त्या म्हणाल्या, भोवताल बदलला की. आणि त्यांनी सुगंधाकडे अशा नजरेने पाहिलं की त्या आता पेशींबद्दल बोलत नाहीत हे तिला कळलं.

"ते पेशींचं," ती म्हणाली. "माणसाला नका लावू, डॉक्टर."

पेशी चौऱ्याण्णव आल्या. पिशवी लावायच्या दिवशी डॉक्टरांनी तिला आत येऊ दिलं, या वेळी काचेपलीकडे नाही, पलंगाशेजारी. हरेश पाठ टेकून पडला होता, खूप वाळला होता. प्रमिला उशाशी उभी होती. नळी उघडली आणि पहिला थेंब पडला तेव्हा हरेशच्या डोळ्यांत पाणी आलं. सुगे, तो म्हणाला, तू आलीस. मी तुझ्या जागी असतो तर आलो नसतो. त्याने पलंगावरून हात पुढे केला.

सुगंधाने तो हात पाहिला आणि आपले हात पदराखाली घेतले. ती डॉक्टरांकडे वळली आणि हा पुन्हा चालेल का, असं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक चालेल, दोन-तीन महिन्यांत काठीवर येईल.

"काठीवर नको," सुगंधा म्हणाली. "याला नीट चालता आलं पाहिजे. आमच्या गावात घरातून बाहेर पडायचं तर बंदराचाच रस्ता आहे, आणि बुडालेल्या चारही खलाशांच्या घरांच्या ओट्या त्या रस्त्यावर आहेत. हा रोज तिथून चालत जाऊ दे."

ती निघाली तेव्हा पिशवी अर्धी झाली होती.